उन्हाळ्यात लॉन पुन्हा पेरायचंय, कोणतं गवत घेऊ?

बागकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरासमोर साधारण १००० चौरस फूट जागा आहे. जानेवारीत ऑनलाइन मागवलेलं लॉनचं बी टाकलं. आठवड्यात भरभरून उगवलं, फेब्रुवारीत गालिचाच झाला होता. मार्चच्या मध्यापासून पिवळं पडत गेलं आणि एप्रिलमध्ये रोज दोनदा पाणी देऊनही सगळं वाळलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सदाहरित मिश्रण' लिहिलंय, मागे बारीक अक्षरांत लोलियम आणि फेस्टुका अशी नावं आहेत. आता कोणतं बी आणू? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुमचं उत्तर त्या बारीक अक्षरांतच आहे. लोलियम म्हणजे रायग्रास आणि फेस्टुका म्हणजे फेस्क्यू. दोन्ही थंड हवेतली गवतं. त्यांच्याकडे गव्हाचे भाऊबंद म्हणून पाहा, म्हणजे सगळा उलगडा होईल. गहू आपण नोव्हेंबरात पेरतो आणि मार्चमध्ये काढतो. वैशाखात गव्हाचं रान हिरवंगार राहावं अशी अपेक्षा सोलापूर जिल्ह्यात कोणी करत नाही. रायग्रासकडून मात्र ती केली जाते, कारण पाकिटावरचा फोटो तसा असतो.

या गवतांना १६ ते २४ अंश तापमान मानवतं. तिशीच्या पुढे त्यांचं पान जेवढं अन्न बनवतं त्यातलं बरंचसं वाया घालवतं, मुळं आखडतात आणि वर येतात. पारा ४२-४३ वर गेला की मुळांना पाणी ओढताच येत नाही. अशा वेळी दोनदा पाणी दिल्याने गवत वाचत नाही. गरम, ओल्या जमिनीत बुरशी वाढते आणि ते कुजून लवकर जातं. तेव्हा पाणी कमी पडलं असं मनाला लावून घेऊ नका. निवड चुकली होती.

ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपली हरळी यांची अन्न बनवायची रीत वेगळी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड ही झाडं आधी पकडून एकवटतात आणि मग वापरतात. त्यामुळे पानांची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, पाणी कमी उडतं आणि २७ ते ३८ अंशांत ती सर्वांत जोमाने वाढतात. सोलापुरात उन्हातल्या लॉनसाठी पहिली निवड हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. दुकानात तिला बर्म्युडा म्हणतात आणि पाकिटावर सायनोडॉन डॅक्टिलॉन हे नाव असायलाच हवं. त्याच पाकिटात लोलियम, फेस्टुका किंवा पोआ (तेही थंडीचंच गवत) दिसलं तर ठेवून द्या. मिश्रणातलं थंडीचं गवत आधी उगवून हरळीची जागा अडवतं, एप्रिलमध्ये मरतं आणि मागे टक्कल राहतं.

बी घेताना तीन गोष्टी विचारा. टरफल काढलेलं आहे की टरफलासकट? काढलेलं ७ ते १४ दिवसांत उगवतं, टरफलासकटचं तीन-चार आठवडेही घेतं. बियांवर रंगीत लेप आहे का? लेपाचं वजन अर्ध्याच्या आसपास असू शकतं, म्हणजे किलोभर पाकिटात खरं बी अर्धाच किलो. आणि पॅकिंग कधीचं आहे? जुनं वाटलं तर १०० दाणे मोजून ओल्या सुती फडक्यावर पसरा, ताटलीत झाकून सावलीत ठेवा, फडकं सुकू देऊ नका. टरफल काढलेल्या बियांपैकी चौदा दिवसांत ७० पेक्षा कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा. चाळिशीच्या खाली असेल तर ते वापरूच नका.

लेप नसलेलं, टरफल काढलेलं बी मोकळ्या जमिनीवर १००० चौरस फुटांना ७०० ग्रॅम ते १ किलो पुरतं. यापेक्षा दाट टाकलं की रोपं एकमेकांत गुदमरतात आणि मुळाशी कुजतात.

टिफवे, टिफड्वार्फ अशी मऊ, बारीक पानांची संकरित हरळी बियांपासून होतच नाही, तिला बी धरत नाही. तिचं बी कोणी विकत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. ती काड्यांनी किंवा गादीनेच, म्हणजे मातीसकट कापलेल्या तयार गवताच्या पट्ट्यांनीच, लावावी लागते. झोयसिया, म्हणजे नर्सरीतलं कोरियन किंवा मेक्सिकन गवत, उष्णता सोसतं आणि दिसतं देखणं, पण फार सावकाश पसरतं. जागा भरायला वर्ष-दीड वर्ष धरा. तेवढा धीर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : आमचं हरळीचं लॉन सहा वर्षांचं आहे. यंदा मध्ये मध्ये मोठे ठिगळ वाळलेत, एकूण २०० ते २५० चौरस फूट तरी असतील. भर उन्हाळ्यात तिथे बी टाकलं तर चालेल का? (होटगी रोड)

उत्तर : आधी ते गवत खरंच मेलंय का ते पाहा. हरळी पाणी तुटलं की सोनेरी होऊन झोपी जाते, वरून मेल्यासारखीच दिसते. ठिगळातून एक काडी उपटा आणि गाठीपाशी नखाने साल खरवडा. आत पांढरट-हिरवं आणि टणक असेल तर जीव आहे. तपकिरी, पोकळ आणि बोटात चुरडत असेल तर गेली. खात्री हवी असेल तर वीतभर तुकडा मातीसकट काढून कुंडीत ठेवा आणि रोज पाणी द्या. जिवंत असेल तर आठ-दहा दिवसांत गाठींवर हिरवे कोंब दिसतात. तसे दिसले तर बियांचा खर्च वाचला. त्या ठिगळांना दर तीन आठवड्यांनी एकदा १२ ते १५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला १२ ते १५ लिटर पाणी द्या आणि पावसाची वाट पाहा.

मेलं असेल तर का मेलं ते शोधल्याशिवाय नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरू नका. लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबा. बोटभर जाऊन खट्‌कन अडला तर खाली बांधकामाचा राडारोडा किंवा मुरूम आहे. तो वीतभर खोल काढून माती भरा, नाहीतर दर उन्हाळ्यात तिथेच टक्कल पडेल. गवत मुठीत धरून ओढल्यावर चटईसारखं उचललं गेलं तर मुळं हुमणीने खाल्लीत. खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतील. त्या वेचून टाका, कारण नव्या रोपांची मुळं त्यांना आणखी कोवळी मिळतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. हरळीचं बी उगवायला मेमधली उष्णता अडचण नाही. अडचण आहे ती वरच्या अर्ध्या सेंटिमीटर मातीची. उघडी काळी माती दुपारी ५५ अंशांच्या वर तापते आणि पाणी दिल्यावर तासाभरात वरून कोरडी होते. हरळीचं बी मोहरीहूनही बारीक, आणि फुटल्यावर पहिले चार-पाच दिवस त्याचं मूळ जेमतेम तीन-चार मिलिमीटर असतं. एक दुपार पाणी चुकलं की सगळे कोंब जातात, आणि ते इतके बारीक असतात की गेलेले कळतही नाहीत. मग वाटतं, बीच खराब होतं.

म्हणून आमचा सल्ला असा, की बियांसाठी मृग नक्षत्राचा पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होईपर्यंत, थांबा. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सोलापुरात सर्वांत चांगला. मेमध्येच ठिगळ भरायचे असतील तर बी नको, काड्या लावा. त्या तुमच्याच लॉनमध्ये फुकट आहेत. कडेने बाहेर पळालेली हरळी खुरप्याने काढा आणि दोन-तीन गाठी येतील असे ५ ते ८ सेंटिमीटरचे तुकडे करा. लावेपर्यंत ओल्या बारदानात गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात उघड्या ठेवलेल्या काड्या अर्ध्या तासात निकामी होतात. ठिगळाची माती आदल्या दिवशी भिजवा, वाफशावर चार बोटं खणून मोकळी करा, आणि संध्याकाळी १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर टोकण पद्धतीने, म्हणजे भोक पाडून त्यात, लावा. दोन गाठी मातीत, एक वर. पायाने दाबा. मुळाशी पोकळी राहिली तर काडी ओल्या मातीतही सुकते. पहिले दहा दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी, मग दिवसाआड. काडीत स्वतःचा साठा असतो, त्यामुळे ती एखादी चूक पोटात घालते. बी घालत नाही.

आणि तरीही बीच टाकायचं असेल, किंवा जूनमध्ये टाकाल तेव्हा, असं करा.

जुनं वाळलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, माती दिसली पाहिजे. गवताच्या कुजक्या थरावर पडलेलं बी उगवतं आणि तिथेच मरतं. वरची दोन-तीन इंच माती ढेकळं फोडून भुसभुशीत करा. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून ती 'हलकी' करायला जाऊ नका, थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. त्याऐवजी चाळलेला पोयटा (गाळाची माती), चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू समान घेऊन त्याचा २ ते ३ सेंटिमीटरचा थर वर द्या. २५० चौरस फुटांना अर्ध्या घनमीटरच्या आसपास मिश्रण लागेल. शेणखत कच्चं असेल तर तणाचं बी आणि हुमणी दोन्ही घरात आणाल. त्याच वेळी २५० ग्रॅम डीएपी खत विस्कटून मातीत मिसळा.

ठिगळांसाठी १७५ ते २५० ग्रॅम बी पुरेल. त्यात आठ-दहा पट कोरडी बारीक वाळू मिसळा, नाहीतर हातातून गठ्ठ्याने पडतं. दोन वाटे करा. एक वाटा उभा फेका, दुसरा आडवा. सकाळी वारा पडलेला असताना हे काम करा. दाताळं उलटं धरून पाठीने हलकेच ओढा. बी ३ ते ६ मिलिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये, खोल गेलेलं वर येत नाही. मग फळी टाकून तिच्यावर चाला किंवा हलका रूळ फिरवा, म्हणजे बी मातीला चिकटतं.

वर ज्वारीचा बारीक केलेला कडबा किंवा उसाचं चुरलेलं पाचट इतकं पातळ पसरा, की मधून माती दिसत राहील. ओलं बारदान अंथरलं तरी चालतं, पण त्याच्यावर लक्ष हवं. चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक कोपरा उचलून डोळे मातीजवळ नेऊन पाहा. सुईच्या टोकाएवढे पांढरट-हिरवे ठिपके दिसले की त्याच संध्याकाळी बारदान काढा. दोन दिवस उशीर झाला तर कोंब सुतळीच्या विणीतून वर येतात आणि बारदान उचलताना उपटून येतात. बियांभोवती मुंग्यांची रांग लागते, बी वाहून नेतात. कडेने मुंग्यांची पावडर टाका, वाफ्यात नको.

पाणी झारीने किंवा पाइपाला बारीक फवारा लावून. धार पडली की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. पहिले दहा दिवस सकाळी ७, १०, दुपारी १ आणि ४ अशा चार वेळा, दर वेळी चौरस मीटरला दोन लिटर. तुमच्या २५० चौरस फुटांना, म्हणजे २३ चौरस मीटरला, एका वेळेस ४५ लिटरच्या आसपास, दिवसाला १८० लिटर. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा पुढच्या पाळीपर्यंतचं पाणी टाकीत आहे का हे बियांचं पाकीट फोडण्याआधी मोजा. दहा दिवसांनंतर दोन वेळा, विसाव्या दिवसानंतर दिवसाआड पण खोल. पाऊस लागला तर अर्थातच कमी. तीन आठवड्यांनी १२५ ग्रॅम युरिया वाळूत मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या. पानावर राहिलेला युरिया जाळतो. गवत पाच सेंटिमीटर झालं की पहिली कापणी, तीही वरचा एक तृतीयांशच. पातं धारदार हवं, बोथट पात्याने कोवळी रोपं मुळासकट येतात.

प्रश्न : बोअरचं पाणी वापरतो. मातीवर पांढरी खपली येते, जुनी हरळी पिवळी पडलीय आणि नवं बी उगवून मरतं. (बाळे)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरी खपली क्षारांची. जुनी हरळी बऱ्यापैकी क्षार सोसते, कोवळं रोप सोसत नाही. पाण्याची तपासणी करून घ्या. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप) २ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर पेरणीनंतरचे तीन आठवडे नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. जुन्या गवताला रोज शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांनी खोल पाणी द्या, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, परत द्या. जिप्सम सगळेच सुचवतात, पण ते मातीत सोडियम जास्त असेल तरच उपयोगी. माती तपासल्याशिवाय टाकू नका.

पिवळेपणा नीट पाहा. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही. पाच लिटर पाण्यात आधी ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवा आणि मग २५ ग्रॅम फेरस सल्फेट. क्रम उलटा केला तर जड पाण्यात लोह तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. एवढं द्रावण १००० चौरस फुटांना पुरतं. संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी परत. फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा, गंजाचा डाग निघत नाही.

प्रश्न : कडुनिंबाखाली लॉन कधीच टिकत नाही. सावलीतलं गवत कोणतं? (विजापूर रोड)

उत्तर : हरळीला सहा तास तरी थेट ऊन लागतं. चार तासांच्या आसपास मिळत असेल तर रुंद पानांचं सेंट ऑगस्टीन लावून पाहा. त्याच्या काड्याच मिळतात आणि पाणी हरळीपेक्षा जास्त लागतं. कार्पेट ग्रास सावलीला चांगलं म्हणतात, पण त्याला आम्लधर्मी आणि सतत ओलसर जमीन हवी, आपल्या चुनखडीत ते पिवळंच राहतं. दोन-तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर गवताचा नाद सोडा. तिथे खडी किंवा शहाबादी फरशी टाकून बसायची जागा करा. वैशाखात घरातली सगळ्यांत चांगली जागा तीच असते.

प्रश्न : बाहेरून आणलेल्या मातीबरोबर लव्हाळा आलाय. उपटला की दुप्पट येतो. जूनमध्ये नवीन लॉन पेरायचंय. (शेळगी)

उत्तर : देठ दोन बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागल्या तर लव्हाळाच. खाली गाठींची माळ असते. वरून उपटल्यावर माळ तुटते आणि प्रत्येक गाठ वेगळी फुटते, म्हणून दुप्पट.

तुमच्या हातात एप्रिल-मेचं ऊन आहे, ते वापरा. कुदळीने फूटभर खणून दिसतील त्या गाठी वेचा, उन्हात टाका. जमीन सपाट करून भरपूर भिजवा. वाफसा आला की २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटवून अंथरा आणि चारी कडा मातीत पुरा. काळा कागद नको, तो स्वतः तापतो, माती कमी तापते. चार ते सहा आठवडे ठेवा. कागदाखाली माती इतकी तापते की वरच्या थरातलं तणाचं बी, बुरशी आणि उथळ गाठी मरतात. खोलवरच्या काही गाठी वाचतील, त्या जूनच्या पहिल्या पावसावर फुटल्या की खुरप्याने गाठीसकट काढा आणि मगच पेरा. कागद काढल्यावर माती परत खोल खणू नका, नाहीतर खालचं जिवंत तणाचं बी पुन्हा वर आणाल.

प्रश्न : मेच्या शेवटी वास्तुशांत आहे. तयार गादी टाकून २५ दिवसांत हिरवं दिसेल का? (कुंभारी)

उत्तर : दिसेल, गादी हरळीची असेल आणि पहिले पंधरा दिवस माणूस पाण्यावर असेल तर. उरुळी कांचनकडून गादी येणार असेल तर गाडी रात्री भरायला सांगा, पहाटे उतरवून दहाच्या आत अंथरून झाली पाहिजे. गुंडाळ्यांच्या ढिगात आतून वाफ धरते आणि पानं उकडतात. एक गुंडाळी उलगडून हात घाला. गरम लागली, आंबूस वास आला तर परत करा.

गादीखाली लाल मातीचा थर असतो आणि तुमची जमीन काळी. दोहोंच्या सांध्यावर मुळं अडतात. म्हणून खालची काळी माती तीन-चार इंच मोकळी करून तिच्यात शेणखत मिसळा, अंथरण्याआधी ओली करा. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवा, फटीत चाळलेली माती भरा, रूळ फिरवा. लगेच चौरस मीटरला १० ते १२ लिटर पाणी. मग रोज दोनदा. दहा-बारा दिवसांनी कोपरा उचलून पाहा, तो उचलला जात नसेल तर मुळं धरली. तोवर त्यावर मांडव, खुर्च्या, चपला काही नको. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवाचं छत एका दिवसापेक्षा जास्त राहू देऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात लॉन बारीक कापलं तर पाणी कमी लागतं का? (सात रस्ता)

उत्तर : नाही. बारीक कापलेल्या गवताची मुळं उथळ राहतात आणि उघडी माती तापते. मार्चपासून मशीन एक खाच वर घ्या, हरळी चार-पाच सेंटिमीटर ठेवा. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्या. मेमध्ये हिरवं ठेवायचं तर १००० चौरस फुटांना दिवसाला ५०० लिटरच्या आसपास लागतात. तेवढं पाणी नसेल तर तिला सोनेरी होऊ द्या, फक्त त्या दिवसांत तिच्यावर चालू नका आणि युरिया टाकू नका.